सही अध्यक्षांची, शब्द कोणाचा?

२०१७ च्या महापालिका निवडणुकीत अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मी पुण्यातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात बाकावर बसलो होतो. आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी अपक्ष उभ्या राहत होत्या आणि मी त्यांचा सूचक. आमचं काम सकाळीच उरकलं होतं, पण पुढची गंमत बघायला मी मागे थांबलो. तीन वाजता दार बंद होणार होतं. समोरच्या टेबलापाशी एका मोठ्या पक्षाचे इच्छुक उभे होते, गळ्यात उपरणं, मागे पंधरा-वीस पोरं. गेले पंधरा दिवस ते प्रभागात 'आपलं फिक्स आहे' म्हणत फिरत होते. तीनला वीस मिनिटं कमी असताना एक मुलगा डोक्यावरचं हेल्मेटही न काढता जिना चढून धावत आला. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्या पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, होता आणि त्यावर नाव भलत्याचंच होतं.

"अहो, मला साहेबांनी शब्द दिलाय," इच्छुक काकुळतीला येऊन म्हणाले.

टेबलामागच्या बाईंनी मान वर केली नाही. "शब्द नको, कागद द्या."

ते 'साहेब' पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष नव्हते, प्रदेशाध्यक्षही नव्हते. तरी शहरात त्यांच्याशिवाय पान हलत नाही असं सगळेच म्हणत. गेल्या काही वर्षांत दोन पक्ष आपल्या डोळ्यांदेखत फुटले, नावं आणि चिन्हं इकडची तिकडे गेली, आणि 'अध्यक्ष हे होते, मग पक्ष त्यांचा कसा झाला?' हा प्रश्न अमृततुल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू यायला लागला. मला दर वेळी त्या बाईंचं वाक्य आठवतं. पक्षाध्यक्षाकडे सही असते. शब्द कोणाचा चालतो, तो मामला वेगळा. दोन्ही एकाच माणसाकडे असलं की अध्यक्ष हे पद आपल्या लक्षातसुद्धा येत नाही. दोन्हींची ताटातूट झाली की मग आयोग, कोर्ट, चिन्ह सगळं सुरू होतं.

### कायद्याच्या लेखी पक्ष म्हणजे काय?

गणेश मंडळ डोळ्यांपुढे आणा. मांडव, ढोल-ताशा, मिरवणुकीतला मान हे सगळं नंतरचं. कागदावर मंडळ म्हणजे एक नोंदणी, एक घटना, आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची नावं. पक्षाचंही तसंच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा, पण पक्षांच्या नोंदणीचं कलम २९अ त्यात १९८९ मध्ये लागू झालं. नोंदणीच्या अर्जात पक्षाच्या अध्यक्षाचं, सचिवाचं, खजिनदाराचं नाव द्यावं लागतं आणि ते बदललं की निवडणूक आयोगाला कळवावं लागतं. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो आला १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातून. म्हणजे पक्ष आत शिरले ते माणसं पळून जाऊ नयेत म्हणून दाराला कडी लावताना.

नोंदणी झालेले सगळेच पक्ष 'राष्ट्रीय' नसतात. त्यासाठी तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते. चार राज्यांत प्रत्येकी किमान ६ टक्के मतं आणि शिवाय लोकसभेच्या ४ जागा; किंवा लोकसभेच्या २ टक्के जागा, म्हणजे ११, त्याही किमान तीन राज्यांतून; नाहीतर चार राज्यांत राज्य पक्ष म्हणून मान्यता. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने हिशेब नव्याने मांडला तेव्हा आम आदमी पक्ष या यादीत आला आणि राष्ट्रवादी काँग्रेस, तृणमूल काँग्रेस व भारतीय कम्युनिस्ट पक्ष बाहेर गेले. यादीत सहा नावं उरली: भाजप, काँग्रेस, बसप, माकप, आप आणि मेघालयातून वर आलेली नॅशनल पीपल्स पार्टी.

राष्ट्रीय दर्जाचा फायदा रोकडा आहे. एकच चिन्ह देशभर राखीव राहतं, आकाशवाणी-दूरदर्शनवर प्रचाराला वेळ मिळतो, आणि अध्यक्षांना दुसरं सरकारी घर नसेल तर दिल्लीत एक निवासस्थान मिळू शकतं. बंगल्याच्या बातम्या आपण उगाच चवीने वाचत नाही.

### अध्यक्षाच्या हातात नेमकं काय?

प्रत्येक पक्षाची घटना निराळी, पण किल्ल्या साधारण त्याच: प्रदेशाध्यक्ष नेमणं किंवा नेमणुकीवर मोहोर उठवणं, कार्यसमिती बनवणं, बंडखोराला निलंबित करणं, स्टार प्रचारकांची यादी पाठवणं (मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावं देता येतात). यातली सगळ्यात मोठी किल्ली म्हणजे तिकीट, आणि तिकिटाचं कागदी रूप म्हणजे एबी फॉर्म.

लोकसभा-विधानसभेच्या नियमांत हे दोन कागद आहेत. 'ए' मध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीने कोणाची सही चालेल, आणि त्या सहीचे नमुने देतो. 'बी' मध्ये तो सहीवाला सांगतो की अमुक माणूस आमचा उमेदवार. सही शाईची लागते, शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही. तीनच्या आत पोचायला हवा. आधीचा फॉर्म रद्द करून नवा देता येतो, पण आधीचा रद्द केल्याचं लिहायला विसरलात तर ज्याचा उमेदवारी अर्ज आधी दाखल झाला त्याचा धरतात. हेल्मेटवाली पोरं का धावतात ते आता कळेल. जिल्ह्यातल्या सहीमागे प्रदेशाची सही, प्रदेशामागे राष्ट्रीय कार्यालयाची, अशी साखळी वर जाते आणि तिचं वरचं टोक साधारणपणे अध्यक्षांच्या टेबलावर असतं.

### या खुर्चीपर्यंत पोचतात कसे?

ढोबळ मानाने दोन रस्ते. रांगेत उभं राहा, नाहीतर स्वतःचं दुकान टाका.

रांगेचं उदाहरण मल्लिकार्जुन खर्गे. गुलबर्ग्यात विद्यार्थी चळवळ, कामगारांची वकिली, १९७२ मध्ये पहिल्यांदा आमदार, ती धरून लागोपाठ नऊ विधानसभा निवडणुका जिंकल्या, २००९ पासून लोकसभा, २०१९ ला पराभव, पुढे राज्यसभेत विरोधी पक्षनेते. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधींनी मतदान केलं: खर्गे ७,८९७, शशी थरूर १,०७२. पन्नास वर्षं चपला झिजवल्यावर, वयाच्या ऐंशीव्या वर्षी खुर्ची.

लोकांतून निवडून येण्याची अट मात्र कुठेच नाही. नितीन गडकरी २००९ मध्ये भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले तेव्हा ते लोकसभेची एकही निवडणूक लढलेले नव्हते. नागपूरच्या पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते. भाजपची घटना अध्यक्षाला १५ वर्षांचं सदस्यत्व मागते, मुदत तीन वर्षांची ठेवते. तरीही जे. पी. नड्डांची जानेवारी २०२० ला सुरू झालेली मुदत २०२३ मध्ये लोकसभा निवडणुकीपर्यंत वाढवण्यात आली. सोसायटीच्या उपविधींतही कमिटीची मुदत असते, आणि ती संपल्यावर चेअरमन 'पुढच्या सभेपर्यंत' कसे राहतात हे पुणेकरांना समजावायला नको.

दुसऱ्या रस्त्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. शरद पवार पुण्यात बीएमसीसीत शिकले, १९६७ मध्ये बारामतीचे आमदार झाले, १९७८ मध्ये अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री, पुढे संरक्षणमंत्री. १९९७ मध्ये ते काँग्रेस अध्यक्षपदाला उभे राहिले. सीताराम केसरींना ६,२२४ मतं पडली, पवारांना ८८२. राज्याच्या राजकारणात ज्याचा शब्द खाली पडत नव्हता त्याला दिल्लीतल्या मतपेटीने हे उत्तर दिलं. दोन वर्षांनी, १० जून १९९९ ला, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांच्यासह राष्ट्रवादी काँग्रेस हा नवा पक्ष निघाला आणि पवार त्याचे अध्यक्ष झाले. आणि त्या भरघोस मतांनी निवडून आलेल्या केसरींचं काय झालं? मार्च १९९८ मध्ये कार्यसमितीने ठराव केला आणि त्यांच्या जागी सोनिया गांधी आल्या. एक वर्षही पुरतं झालं नव्हतं.

### पण मग खरा नेता कोण?

इथे थोडं मागे जायला हवं, आणि गोष्ट पुण्यातूनच सुरू होते. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये खरं तर पुण्यात ठरलं होतं, सार्वजनिक सभेच्या यजमानपदाखाली. शहरात पटकीची साथ आली आणि मुक्काम मुंबईला हलला, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात. पुण्याची पाळी आली ती १८९५ मध्ये, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष असताना.

तेव्हाचा काँग्रेस अध्यक्ष म्हणजे आजचा साहित्य संमेलनाध्यक्ष. थाटात स्वागत, लांबलचक भाषण, वर्षभराचा मान. कारभार हाकणारे दुसरेच. म्हणून गोपाळ कृष्ण गोखले १९०५ मध्ये बनारसला अध्यक्ष झाले याचं आपल्याला कौतुक असतं, पण लोकमान्य टिळक कधीच त्या खुर्चीत बसले नाहीत हे अनेकांच्या लक्षातही नसतं. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली होती, पण इंग्रज पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते विलायतेला गेले आणि मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. केसरीवाड्यातून निघालेला शब्द देशभर जात होता. त्याला अध्यक्षाच्या सहीची गरज पडली नाही.

गांधीजींची गोष्ट तर याहून टोकाची. ते अध्यक्ष झाले एकदाच, १९२४ मध्ये बेळगावला. १९३४ नंतर तर ते काँग्रेसचे चार आण्यांचे सभासदही नव्हते. आता १९३९ पाहा. सुभाषचंद्र बोस पट्टाभि सीतारामय्यांना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी हरवून रीतसर अध्यक्ष झाले. हा पराभव पट्टाभींपेक्षा माझा आहे, असं गांधीजींनी जाहीर केलं. मग त्रिपुरीच्या अधिवेशनात ठराव झाला की अध्यक्षांनी कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. नेमणुकीची सही सुभाषबाबूंची, नावं कोणाची हे मात्र जो सभासदही नाही त्याला विचारायचं. एप्रिल संपता संपता सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. मतांनी मिळालेलं पद आणि माणसांवरची पकड यातलं अंतर इतकं उघडं क्वचितच दिसतं.

स्वातंत्र्यानंतर या ओढाताणीत पंतप्रधान आले. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन आचार्य कृपलानींना हरवून अध्यक्ष झाले आणि नाशिकच्या अधिवेशनात विराजमान झाले. नेहरूंना ते पटले नव्हते. वर्षभरात टंडन गेले आणि नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. तेव्हापासून बरीच वर्षं अलिखित नियम असा होता की सत्तेत असलेल्या पक्षात पंतप्रधानाचा शब्द वर आणि अध्यक्षाची सही खाली. हा नियम मोडायचा एक गंभीर प्रयत्न झाला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले, इंदिरा गांधींनी ज्यांना आतून बळ दिलं ते व्ही. व्ही. गिरी निवडून आले. १२ नोव्हेंबरला काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पांनी विद्यमान पंतप्रधानांनाच पक्षातून काढून टाकलं. सही पक्की, शिक्का पक्का. बहुसंख्य खासदार मात्र इंदिराबाईंच्या बरोबर निघून गेले.

या सगळ्यात पुण्याची एक लोभसवाणी नोंद आहे. साठच्या दशकात समाजवाद्यांचे दोन पक्ष झाले. एकाचं अध्यक्षपद एस. एम. जोशींकडे, दुसऱ्याचं ना. ग. गोऱ्यांकडे गेलं. दोघेही पुण्याचे, दोघेही एकेकदा पुण्याचे खासदार, जुने दोस्त. दोन देशव्यापी पक्ष, आणि त्यांच्या अध्यक्षांच्या घरांमध्ये सायकलने जाण्याइतकं अंतर. एसएम आणि नानासाहेब या माणसांच्या शब्दाला तेव्हा किती किंमत होती हे जुने लोक अजून सांगतात. जागा मात्र त्या मानाने आल्या नाहीत.

### पक्ष फुटला तर चिन्ह कोणाला?

१९६९ च्या भांडणातूनच याचं उत्तर घडलं. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशात परिच्छेद १५ आहे. एका पक्षाचे दोन गट 'आम्हीच खरे' म्हणाले तर निवाडा आयोग करतो. आयोगाने इंदिराबाईंच्या बाजूने कौल दिला आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्या वादापायी काँग्रेसचं जुनं चिन्ह बैलजोडी गोठवलं गेलं, म्हणून १९७१ ची लोकसभा इंदिरा काँग्रेस गाय-वासरावर लढली. आमच्या आजीच्या पिढीला हे प्राण्यांचं गणित तोंडपाठ होतं.

त्या खटल्यापासून तीन कसोट्या रूढ झाल्या. पक्षाच्या उद्दिष्टांना कोण धरून आहे, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण वागलं, आणि बहुमत कोणाचं, म्हणजे संघटनेतलं आणि आमदार-खासदारांतलं. पहिल्या दोन कसोट्यांत दोन्ही बाजू सारखीच शपथपत्रं भरतात. संघटनेतलं बहुमत मोजावं, तर पदाधिकारी कोण हाच वाद असतो. शेवटी उरतं ते आमदार-खासदारांचं डोकं मोजणं.

शिवसेनेच्या बाबतीत १७ फेब्रुवारी २०२३ ला हेच झालं. पक्षप्रमुख उद्धव ठाकरे होते. पण पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही असं आयोगाने म्हटलं, आणि ५५ पैकी ४० आमदार ज्यांच्याकडे त्या एकनाथ शिंदेंना नाव आणि धनुष्यबाण दिला. राष्ट्रवादीत संस्थापक अध्यक्ष स्वतः हयात आणि हजर असताना ६ फेब्रुवारी २०२४ ला नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला मिळालं, तेही आमदार-खासदारांच्या बहुमतावर. शरद पवारांच्या पक्षाला पुढे तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. दोन्ही निर्णयांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

### पण आमदारच मोजायचे, तर अध्यक्ष हवाच कशाला?

रास्त शंका. आणि याला सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला जे उत्तर दिलं त्याची चर्चा पुरेशी झाली नाही. सभागृहात पक्षाचा गटनेता आणि प्रतोद नेमायचा हक्क विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाला नाही, बाहेरच्या मूळ राजकीय पक्षाला आहे, असं घटनापीठाने सांगितलं. प्रतोद म्हणजे 'अमुक बाजूने मत द्या' असा व्हिप काढणारा. तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरवली.

म्हणजे चिन्ह ठरवताना आमदारांची डोकी, व्हिप ठरवताना पक्षाची सही. दोन दाराला दोन वेगळी कुलपं आहेत. माझ्या मते यातलं पहिलं कुलूप चुकीचं बसवलंय. आमदार निवडून येतो तो चिन्हावर, आणि नंतर त्याच आमदाराची मोजदाद करून चिन्ह कोणाचं ते ठरवायचं, हे भाडेकरूंच्या संख्येवर वाड्याची मालकी ठरवण्यासारखं आहे. यावर वकील मंडळी म्हणतात की निदान डोकी मोजता तरी येतात. तेही खरंच.

### आयोग पक्षांना आत नीट निवडणूक घ्यायला का लावत नाही?

कारण त्याच्या हातात छडी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलं की, खोटेपणाने नोंदणी मिळवली वगैरे मोजके अपवाद सोडले तर एकदा नोंदवलेला पक्ष रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा निकाल दिला. एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या या पक्षांनी तो न पाळण्यात मात्र एकजूट दाखवली. गणेश मंडळाला वर्गणीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो, हे इथे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

### म्हणजे अध्यक्षपद शोभेचं?

शोभेचं असतं तर ते सोडायला निघालेल्या माणसासाठी सभागृह रडलं नसतं. २ मे २०२३ ला मुंबईत शरद पवारांनी आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनातच अध्यक्षपद सोडतो म्हणून जाहीर केलं. व्यासपीठावरच नेते गहिवरले, कार्यकर्ते पायऱ्यांवर ठाण मांडून बसले. ५ मे ला पक्षाच्या समितीने राजीनामा नामंजूर केला आणि तो मागे घेतला गेला. दोन महिन्यांनी, २ जुलैला, त्याच व्यासपीठावरच्या बऱ्याच जणांनी राजभवनात शिंदे सरकारातल्या मंत्रिपदाची शपथ घेतली. पुढे आयोगासमोर वाद आला तो याचाच: अध्यक्ष नेमका कोण आणि त्याची निवड रीतसर झाली होती का. तीन दिवस जी खुर्ची केवळ भावनेचा विषय होती, तिची कागदपत्रं तेव्हा पानापानाने तपासली गेली.

त्या क्षेत्रीय कार्यालयात तीन वाजता शिपायाने दार लोटलं. उपरणंवाले गृहस्थ बाहेर पायऱ्यांवर बसून साहेबांना फोन लावत होते, तो बंद होता. पोरं एकेक करून गाड्यांकडे सरकली. मी चपला शोधत होतो तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. त्यांनी दुसरा अर्ज अपक्ष म्हणून भरून ठेवलाच होता.

"तुमच्या वहिनी अपक्षच ना?" ते म्हणाले. "अपक्षांना चिन्हं कोणत्या तारखेला वाटतात हो?"